हळद करपल्याचा वास

अण्णा,

बँडसॉची मोटर जळलेली नव्हती. आत्ताही नाही, आणि सदतीस वर्षांपूर्वीच्या त्या दसऱ्यालाही नाही. आत्ताचं मला काल दुपारी कळलं. तेव्हाचं तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, हेही मला कालच कळलं, म्हणून लिहायला बसले आहे. ख्यालीखुशाली विचारत नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि होतात तेव्हा तुम्हीही कुणाची विचारत नव्हता. हे मुद्दाम नागरीत लिहिते आहे. आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलली गेली आणि लिहिली गेली ती कन्नड अक्षरांत. नागरी अक्षरं तुम्हाला देवाच्या पोथीपुरती, तीही बोट ठेवून वाचता यायची. मी ती शाळेत हिंदीच्या तासाला शिकले. तेव्हा हे जर कुठे तुमच्या हाती पडलंच, तर अडखळत, बोट ठेवत वाचा. मला त्यात बरं वाटेल.

तुमच्या शेडमध्ये आता मी काम करते. अम्मा चार वर्षांपूर्वी गेली, येलहंक्याचं घर माझ्याकडे आलं आणि विमा कंपनीतली नोकरी मी मुदतीआधीच सोडली. एकतीस वर्षं लोकांच्या मोडक्या गाड्यांचे कागद तपासले, तेवढे पुरे झाले. आता पाट करते, चौरंग करते, पोळपाट करते. जे येतं ते फोनवरचे व्हिडिओ बघून शिकले आणि बोटं सांभाळून शिकले. तुमच्याकडून शिकले असं कुणाला सांगत नाही, कारण ते अर्धंच खरं आहे. शेड तशीच आहे, नारळाला टेकलेली, वर सिमेंटचे पत्रे. बँडसॉही तोच, तुमच्या कारखान्याने मोडीत काढला तेव्हा तुम्ही लिलावात घेतलेला. दोन मोठी चाकं, त्यांवरून फिरणारं लाकूड कापायचं पट्टीचं पातं, आणि खाली पायाशी ती राखाडी मोटर, दाराकडे तोंड करून बसलेली. हवाई दलाची विमानं अजून डोक्यावरून जातात. विमान आलं की तुम्ही बोलणं थांबवायचात आणि आवाज विरला की ज्या शब्दावर थांबला होतात तिथूनच पुढे सुरू करायचात. तुम्हाला मध्ये कुणी बोललेलं चालत नसे, अगदी विमानानेही मध्ये बोललेलं चालत नसे.

कारखान्यात तुम्ही ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचात, आणि तुमच्या हाताखाली तयार झालेली माणसं घरी येऊन तुमच्या पाया पडायची, हे मी पाहिलेलं आहे. शनिवारी दुपारी तुम्ही मला शेडमध्ये घ्यायचात. मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. मशीन बंद पडलं की तुम्ही स्टुलावर बसायचात आणि मला उभं करून विचारायचात, "हं, काय पहिलं?" मी म्हणायची, "लाइन." "मग?" "लोड." "मग?" "मोटर." या क्रमात चूक झाली की पट्टीचा फटका बसे, फार जोरात नाही, पण बसे. आधी करंट नीट येतो का ते बघायचं, होल्डरमधला बल्ब लावून. मग पट्टा काढून चाकं हाताने फिरवायची, कुठे अडकतंय का ते पाहायचं. हे दोन्ही झाल्याशिवाय मोटरला दोष द्यायचा नाही. "मोटर गरीब असते," तुम्ही म्हणायचात, "तिला बोलता येत नाही, म्हणून सगळे तिच्यावर ढकलतात. सरी का?" मी मान डोलावून म्हणायची, "सरी." मला वाटायचं, एवढा न्यायी माणूस आख्ख्या बेंगळुरात नसेल.

माझा डावा हात चालतो. अम्मा त्यावरून चिडायची, तुम्ही कधी चिडला नाहीत. उलट तुम्ही शिसवीच्या तुकड्याची एक ढकलकाठी करून दिलीत. पात्याजवळ बोटं जाऊ नयेत म्हणून लाकूड जिने ढकलतात ती. माझ्या डाव्या पंजाचं माप कागदावर काढून घेतलंत आणि त्या मापाची मूठ घासलीत. ती माझ्याकडे आहे. हे लिहिलं ते तुमची बाजू भक्कम व्हावी म्हणून नाही. माणूस एवढं करू शकत होता आणि तरीही पुढचं वागला, हे नोंदवायला हवं म्हणून.

त्या वर्षी मी दुसऱ्या पीयूसीत, म्हणजे बारावीत होते. पुढच्या उन्हाळ्यात टूलरूमच्या, साचे आणि हत्यारं घडवायच्या डिप्लोमाला अर्ज करायचा असं ठरलं होतं, आणि तुम्ही हो म्हणाला होतात. आयुधपूजेला तुम्ही नेहमीप्रमाणे सगळी हत्यारं पुसून ओळीने मांडलीत. करवती, रंधे, पटाशा, सगळ्यांना गंध. बँडसॉला शेवंतीची माळ. मग ओलं हळदकुंकू बोटांवर घेऊन तुम्ही मोटरच्या झाकणावर पाच ठसठशीत पट्टे ओढलेत, वरून अक्षता टाकल्यात, फुलाने पाणी शिंपडलंत. झाकणाला वारा आत जाण्यासाठी फटी असतात, नखाएवढ्या रुंद. मी बाजूला ताट धरून उभी होते. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, घरातल्या मोठ्या माणसाने एक फळी कापून काम सुरू करायचं, ही आपल्या घरची रीत. दसऱ्याला सकाळी काका, काकू, त्यांची तिन्ही मुलं, तुमचे दोन शिष्य, सगळे शेडमध्ये जमले. हातात कडलेपुरीचे, चुरमुऱ्या-फुटाण्यांचे द्रोण. आणि तुम्ही म्हणालात, "या वर्षी पहिला काप ही करेल."

अण्णा, त्या क्षणासाठी मी तुमच्यावर आजही प्रेम करते, आणि त्याबद्दल मला स्वतःचा राग येतो. मी ढकलकाठी घेतली, फणसाची फळी टेबलावर ठेवली, बटण दाबलं. मोटर नुसती गुणगुणली. चाकं हलली नाहीत. फळी पात्याला लागलीही नव्हती. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही "थांब" म्हणालात की "दाब" ते कळलं नाही, विमान चाललं होतं. चार-पाच सेकंद गेली असतील. मग वास आला. तुम्ही येऊन बटण बंद केलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "जाळलीस ना मोटर. जळका हात आहे तुझा." मी म्हणाले, "अण्णा, हा हळद करपल्याचा वास आहे. फोडणीत हळद जास्त झाली की येतो तसा." तुम्ही म्हणालात, "तोंड बंद." धाकट्या चुलतभावाच्या हातून द्रोण सुटला होता, तो खाली सांडलेले चुरमुरे वेचत होता, आणि बाकीचे सगळे त्याच्याकडे बघत होते, कारण माझ्याकडे बघणं कुणाला जमत नव्हतं.

दुपारी स्वयंपाकघरात तुम्ही पानावर बसला होतात. ओबट्टूच्या पोळीवर तूप वाढता वाढता अम्मा म्हणाली, "पोर म्हणते ते एकदा बघा की. हळदीचा वास म्हणत होती." तुम्ही घास न थांबवता म्हणालात, "स्वयंपाकघरातली नाकं शेडमध्ये आणायची नाहीत." बस्स. लाइन बघितली नाहीत, लोड बघितला नाहीत, मोटर उघडली नाहीत. तीन गोष्टींचा क्रम तुम्ही मला पट्टीने शिकवला होता, आणि वेळ आली तेव्हा तुम्ही सरळ चौथीवर गेलात, जी कधी शिकवली नव्हती. माणूस. मशीन बिघडलं की आधी माणूस धरायचा, शक्यतो असा, जो उलट बोलणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दोनेक आठवड्यांनी बँडसॉ पुन्हा चालू झाला. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, मोटर पुरी रिवाइंड करून आणली, आतली तार सगळी नवी घातली. काकांनी विचारलं, शिष्यांनी विचारलं, प्रत्येकाला तेच. मी दारातून ऐकत होते, कारण आत यायला मला मनाई झाली होती. उन्हाळ्यात डिप्लोमाचा अर्ज घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले तेव्हा तुम्ही पेपर खाली न करता म्हणालात, "टूलरूममध्ये जळका हात कोण उभा करून घेईल? बी.कॉम. कर. कागद जळत नाहीत." मी बी.कॉम. केलं. मग पुढे चुलतभावांनी ते नाव उचललं. माझ्या लग्नात समई लावताना काडी दोनदा विझली तर काका मांडवात मोठ्याने म्हणाले, "जपून हं, जळका हात आहे आमच्या पोरीचा," आणि सासरची माणसं हसली. तुम्ही तिथेच होतात, हार घालून. तुम्हीही हसलात. तेव्हा मला ते फक्त लागलं होतं. आज, जे कळलंय ते कळल्यावर, तो तुमचा हसरा चेहरा आठवला की हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

मी स्वतःही ते खरं धरून चालले, हे तुम्हाला माहीत असावं. ऑफिसात नवीन मशीन आलं की मी दुसऱ्याला पुढे करायची. मिक्सर बिघडला की नवरा बघायचा. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा मी बँडसॉचं बटण दाबलं तेव्हा डोळे मिटून दाबलं होतं.

आता या वर्षीचं सांगते. तुम्ही गेल्यावर अम्माने एकच मागणं मागितलं होतं, मशीनची पूजा मोडू नको. ती होती तोवर तिच्यासाठी केली, ती गेल्यावर का करते ते मला विचारू नका. ताट तेच, पाच पट्टे तेच, अक्षता, शेवंतीची माळ. दरवर्षी थोडं हळदकुंकू आत जात असणार, या वर्षी जरा जास्तच ओलं झालं. दसऱ्याला सकाळी करंट गेला होता, म्हणून मशीन सुरू केलंच नाही. पुढच्या रविवारी लेक आली. ती बेळ्ळंदूरला एका कंपनीत आहे, तिथेच खोली घेऊन राहते. गेले सहा महिने दर रविवारी दोन बस बदलून येत होती, माझ्याकडून सुतारकाम शिकायला. पंचवीस वर्षांची मुलगी आईकडे आपण होऊन काही शिकायला येते, हे किती दुर्मीळ आहे ते तुम्हाला कळणार नाही, तुमच्याकडे आलेली तुम्ही घालवलीत. त्या दिवशी तिच्यासोबत तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण होती, लेकीने केलेलं स्टूल बघायला आलेली. लेक मोठ्या ऐटीत म्हणाली, "बघ हं, आता याचा चौथा पाय कापते." आणि बटण दाबलं.

मोटर गुणगुणली. चाकं हलली नाहीत. मी शेडच्या दारात कॉफी घेऊन उभी होते. ती गोंधळून दोन-तीन सेकंद तशीच राहिली, मग तिने स्वतःच बंद केलं. म्हणाली, "अम्मा, कायतरी वास येतोय. किचनसारखा. मसाला जळल्यासारखा." माझं नाक त्या साथीच्या तापात गेलं ते पुरतं परत आलेलं नाही, मला काही वास आला नाही. आणि मी म्हणाले, "लाकूड रेटलंस ना. जाळलीस मोटर." ती म्हणाली, "मी लाकूड लावलंच नव्हतं गं. नुसतं ऑन केलं." मी म्हणाले, "उलट बोलू नको. दहादा सांगितलंय, हाताला स्वल्प धीर धरायला शिकव." तिची मैत्रीण स्टुलाच्या तीन पायांकडे बघत राहिली. दोघी जेवायला थांबल्या नाहीत. पुढच्या रविवारी लेक आली नाही. ऑफिसचं काम आहे, असा मेसेज आला.

काल मोटर रिवाइंडिंगला न्यायची म्हणून सोडवायला बसले. पट्टा काढला आणि हात थांबला. तुमचा आवाज आला असं म्हणणार नाही, तेवढा मान तुम्हाला देणार नाही. पण ते तीन शब्द आले. लाइन. बल्ब लावला, लख्ख पेटला. लोड. चाकं हाताने फिरवली, लोण्यासारखी फिरली. मग मोटर. पट्टा काढलेलाच होता, पुलीला सुतळीचे दोन वेढे देऊन हिसका मारला आणि त्याच क्षणी बटण दाबलं. मोटर उठली आणि पळायला लागली. खणखणीत, एका सुरात. मी तिथेच फरशीवर बसले. हाताने ढकलून दिल्यावर जी मोटर पळते तिची तार जळलेली नसते. तिला फक्त उठताना लागणारा टेकू मिळत नसतो. हे तुम्हीच शिकवलं होतं. टेकू म्हणजे दोनच गोष्टी, कपॅसिटर किंवा आतला स्विच, जो मोटर वेग घेईपर्यंतच जोडलेला राहतो आणि मग आपोआप सुटतो. प्लग काढला, कपॅसिटर बल्ब लावून रिकामा केला, मीटरने मोजला. उत्तम होता. राहिला स्विच. त्यासाठी झाकण उघडायला लागतं.

झाकण उघडलं. आत हळदकुंकवाचा थर होता, तेलात कालवून वाळलेला, विटकरी. स्विचच्या दोन टिकल्या एकमेकींना भिडायला हव्यात, त्यांच्यामध्ये हाच लगदा, कडेने काळा करपलेला, आणि त्यात अडकलेला तांदळाचा एक दाणा. अक्षत. मी तो चिमट्याने काढून तळहातावर घेतला. लेकीचं नाक बरोबर होतं. आणि मग झाकण पुसायला उलटं केलं.

तुमची सवय मी विसरले होते. जे जे झाकण तुम्ही उघडायचात त्याच्या आतल्या बाजूला आखणीच्या सुईने तारीख आणि काय केलं ते कोरून ठेवायचात, पुढच्या माणसाला कळावं म्हणून. कन्नड अक्षरं, मराठी भाषा. त्या दसऱ्यानंतरच्या चौथ्या दिवसाची तारीख आहे. खाली लिहिलंय: "कुंकू, तांदूळ. स्विच साफ केला. वाइंडिंग ठीक." अक्षर तुमचं, "ठीक"खालची रेघही तुमचीच.

तरी मी स्वतःला म्हटलं, एकदा खात्री करून घे, तुमच्यासारखं नको. आज सकाळी मोटर घेऊन रेल्वे फाटकाजवळच्या वाइंडिंगवाल्याकडे गेले. म्हातारा आहे, तुम्हाला ओळखत असेलही. त्याने टॉर्च मारून आत पाहिलं, नखाने तारेवरचं वार्निश खरवडलं आणि म्हणाला, "अक्का, इदु कंपनी वाइंडिंग. यारू मुट्टिल्ला." तार कंपनीचीच, मूळची, कोणी हातच लावलेला नाही. मी विचारलं, "नक्की? सदतीस वर्षांपूर्वी रिवाइंड केली होती म्हणतात." तो हसला. "यारू हेळिद्रू?" कोणी सांगितलं, म्हणाला. मी म्हणाले, "आमच्या अण्णांनी." त्याने टॉर्च विझवला. "हं. बिडी अक्का," म्हणाला, आणि मोटर माझ्या पिशवीत ठेवून दिली. जाऊ द्या म्हणे.

मी जाऊ देणार नाही. चौथ्या दिवशी तुम्हाला कळलं होतं. शेडमध्ये एकटे असताना, झाकण हातात घेऊन, तुमच्याच पूजेचा तांदूळ बोटांवर घेऊन, तुम्हाला कळलं होतं की पोरीने बटण दाबण्यापलीकडे काही केलं नव्हतं आणि वासाचं तिने अचूक सांगितलं होतं. मी तेव्हा दहा पावलांवर स्वयंपाकघरात होते. हाक मारायची होती. "ये बघ" एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही ते लोखंडाला सांगितलंत, मला नाही. बाहेर येऊन रिवाइंडिंगची गोष्ट रचलीत आणि मूग गिळून अठरा वर्षं बसलात. अर्ज माझ्या हातात होता तेव्हा बसलात, मांडवात बसलात. पूजेत चूक झाली म्हणणं जड होतं का? की शिष्यांपुढे चुकणं जड होतं? मी सकाळपासून तुमच्या बाजूने कारणं शोधते आहे आणि प्रत्येक कारण मला आणखी संतापवतं, कारण एकही मोठं नाही.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तुम्ही मला विचारलं होतंत, "बँडसॉ चालतो का?" मी चिडून म्हणाले होते, "चालत असेल, मला काय माहीत, मला आत कुठे येऊ देता." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. आता वाटतं, तुम्ही तेव्हा त्या गोष्टीच्या जवळ आला होतात. पण ताकाला जाऊन भांडं लपवणं ते. त्याला मी कबुली म्हणणार नाही. विचारायला तीन शब्द जमले होते, तर सांगायलाही जमले असते. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, आणि हे लिहून संपल्यावर करेन असंही काही वाटत नाही.

दुपारी स्विच घासून साफ केला, फटींना आतून बारीक जाळी लावली. आता पूजा केली तरी माळेपुरती, झाकणाला ओलं बोट लावायचं नाही. बटण दाबलं, बँडसॉ एका दमात उठला. मग झाकण लावायच्या आधी सुई घेतली आणि तुमच्या ओळींखाली आजची तारीख घातली. "कुंकू, तांदूळ. स्विच साफ केला. वाइंडिंग ठीक." नागरीत. यापेक्षा वेगळं काय लिहायचं ते सुचलं नाही. चारही स्क्रू आवळले.

शेवटचा स्क्रू आवळत होते तेव्हाच लेकीचा फोन आला. बेळ्ळंदूरच्या सिग्नलला अडकली होती, मागे हॉर्न वाजत होते. म्हणाली, "अम्मा, मोटरचं काय झालं? दुरुस्त होईल ना?" मी म्हणाले, "झाली. रिवाइंड करून आणली." अण्णा, मी विचार करून नाही बोलले. तोंडातून आलं ते. पिशवी समोर होती, सुई पायाशी होती, आणि तुमचं वाक्य जसंच्या तसं बाहेर पडलं. खाण तशी माती म्हणतात, पण इतकी?

ती म्हणाली, "म्हणजे खरंच माझ्याने जळली होती." ते विचारणं नव्हतं, पण तिने वाट पाहिली. हॉर्न वाजत होते. मला "नाही" म्हणायला पुरेल एवढा वेळ होता. मी म्हणाले, "असू दे गं. होतं असं." ती "सरी अम्मा" म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी येणार का, ते मी विचारलं नाही. हे पत्र तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि जिला पाठवता येईल तिला मी अजून फोन केलेला नाही.